शेडमधले अकरा

आमच्या यारंबीला आता गाडी येत नाही. रूळ उखडून नेले त्याला तीस वर्षं झाली, आणि स्टेशनाच्या इमारतीत हल्ली शनिवारपुरतं लोकरीच्या टोप्यांचं दुकान उघडतं. पण आमच्या मागल्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दर गुरुवारी सात गाड्या सुटतात. तिथला स्टेशनमास्तर म्हणजे माझा नवरा, मर्व्हिन. वय वर्षं पासष्ट. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी.

हसू आलं तर हसा, मला वाईट वाटणार नाही. मीही पहिली दहा वर्षं हसलेच होते. पुढची दहा चिडचिड केली. त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी.

शेडमध्ये नऊ मीटर लांब टेबलावर अख्खं यारंबी मांडलेलं आहे. पण आजचं नव्हे. बुधवार, १२ मार्च १९६९ चं. मर्व्हिन तेव्हा नऊ वर्षांचा होता. हात मोडला म्हणून शाळा बुडली होती, आणि दिवसभर फलाटावरच्या बाकावर बसून त्यानं आल्यागेल्या गाड्या वहीत टिपल्या होत्या. त्या दिवशी गावात खास असं काहीच घडलं नाही. मी एकदा विचारलं होतं, बाबा रे, मग हाच दिवस का? तर म्हणाला, "त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नव्हतं ना."

ती वही अजून आहे. वहीत नव्हतं ते त्यानं माणसांकडून गोळा केलं. बेकरीच्या पुढच्या छपराला रंग कोणता होता, पोस्टासमोर सायकली किती लागायच्या. म्हाताऱ्या मिसेस हॅगर्टीला माती द्यायला आम्ही गेलो होतो, तर कबरीशेजारी उभं राहून यानं तिच्या मुलाला विचारलं, तुमची पाण्याची टाकी घराच्या डाव्या अंगाला होती की उजव्या? तो बिचारा रडत होता. रडता रडताच म्हणाला, डाव्या. टेबलावरच्या एकाही घरामागे दोरीवर कपडे वाळत नाहीत, कारण तेव्हा गावाचं धुणं सोमवारी असायचं आणि हा पडला बुधवार. आमचं घर त्या टेबलावर नाही. ते बांधलं अठ्ठ्याहत्तर साली, त्यामुळे तिथे मोकळं रान आणि एक निलगिरीचं झाड आहे. मीही नाही, अर्थात. बँकेच्या नोकरीवर मी या गावात आले ती त्र्याऐंशीला.

गुरुवारी तिघं जमतात. मर्व्हिन, शेजारचा डग, आणि बँकेतला माझा जुना साहेब कॉलिन. डग सिग्नल बघतो, कॉलिन इंजिन हाकतो, आणि वळणावर तोंडानं आवाजही काढतो. दाराशी बिस्किटांचा एक रिकामा डबा ठेवलेला आहे. आत जाताना प्रत्येकानं मनगटावरचं घड्याळ आणि फोन त्यात टाकायचा आणि झाकण लावायचं. आत चालतं ते डगनं बनवलेलं भिंतीवरचं मोठं घड्याळ. ते सहापट पळतं. आपली दहा मिनिटं म्हणजे त्यांचा एक तास. सकाळी नऊला ते सुरू करतात तेव्हा तिथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. त्यांची जेवायची वेळ बाराची, म्हणजे माझी दहा वाजून दहा मिनिटं. तेव्हा मी सँडविच घेऊन जाते. इतकी वर्षं मी दर गुरुवारी त्या घड्याळावर पाव कापत आले आहे.

आणखी एक नियम आहे. गाडी रुळावरून घसरली की डग म्हणतो, "थांबव," आणि मर्व्हिन खटका पाडून घड्याळ बंद करतो. गाडी पुन्हा रुळावर चढेपर्यंत यारंबीत वेळ पुढे सरकत नाही. त्यामुळे तिथे कुठल्याच गाडीला कधी उशीर होत नाही. मर्व्हिनला हा नियम सगळ्यात प्रिय आहे.

"सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्यास," शिर्ली मला म्हणायची. शिर्ली डगची बायको. "आगगाडीच्या काय उपटणार?"

गेल्या जूनमध्ये, म्हणजे आमच्या या दक्षिण गोलार्धातल्या ऐन थंडीत, माझा घास अडकायला लागला. आधी पाव, मग मांस. मी लहान लहान तुकडे करून खाऊ लागले, मग नुसतं सूप. उरलेलं कुत्र्याच्या भांड्यात जायचं आणि कुत्रा फुगत चालला होता. मर्व्हिननं पस्तीस वर्षं गावात औषधांचं दुकान चालवलं. कुणाचा घसा कधीपासून दुखतोय आणि गिळताना कुठे टोचतंय, हे त्यानं गावातल्या झाडून सगळ्यांना विचारलं असेल. माझ्यासमोर बसून तो मला म्हणायचा, मीठ दे. मी तीनदा सांगितलं, मर्व्हिन, मला गिळता येत नाही. तिन्ही वेळा तो हं म्हणाला.

माझे वडील असेच गेले होते. आधी पाव, मग मांस, मग पाणी. त्यामुळे मी जास्त दिवस काढले नाहीत. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. घशातून कॅमेरा घालून बघायचं. ते करणारे डॉक्टर एकशेदहा किलोमीटरवरच्या मोठ्या गावात येतात, तेही फक्त गुरुवारी. इस्पितळाचं पत्र आलं. एक वाजता हजर राहावं, उपाशीपोटी यावं. आणि खाली ठळक अक्षरांत, की गुंगीचं औषध देणार असल्यामुळे परत गाडी चालवता येणार नाही, घरी नेणारं माणूस सोबत असल्याशिवाय गुंगी दिली जाणार नाही.

शिर्ली म्हणाली मी नेते, त्यात काय. मी नको म्हटलं.

"मर्व्हिन नेईल."

"गुरुवारी?" शिर्लीनं कपातला चमचा थांबवला. "बाई गं, त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवायचा."

"बघू दे की एकदा."

"काय बघायचंय तुला?"

तिला काही सांगितलं नाही, पण तुम्हाला सांगते. माझ्यासाठी तो त्या शेडमधून आपल्या पायांनी बाहेर येतो का, एवढंच मला बघायचं होतं. मी ओढून आणलेला नको, ओरडून आणलेला नको. लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती आणि मी कधी असं काही मागितलं नव्हतं. घशात काय निघेल याची भीती होतीच. त्याहून जास्त भीती मला याची होती.

त्याला सांगितलं तेव्हा तो टेबलावरच्या पोस्टाच्या खिडक्यांना रंग देत होता. त्यानं ब्रश खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं, हे कबूल करायला हवं.

"कधीपासून होतंय?"

"जूनपासून."

"मग बोलली नाहीस कधी."

मी गुरुवारची तारीख सांगितली. सव्वाअकराला निघायला हवं, म्हटलं. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला. शेडमधली अकराची मालगाडी सोडतो आणि लगेच येतो. शेडमधले अकरा म्हणजे घरातले दहा. म्हणजे आंघोळ करून तयार व्हायला सव्वा तास हातात.

"नक्की?"

"अगं नक्की, नोल. अकराची गाडी गेली की मी बाहेर."

मर्व्हिन खोटं बोलत नाही. त्याच्यावर कसलेही आरोप करा, हा करता येणार नाही.

त्या गुरुवारी मी सँडविचं करून फ्रिजमध्ये ठेवली, कपडे बदलले, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसले. तिथून शेडचं दार दिसतं. दहा वाजले. दार उघडलं नाही. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. सँडविचं न्यायची वेळ टळून गेली तरी कुणी मागायला आलं नाही, यावरून काहीतरी झालंय हे कळलं. अकरा वाजता मी पर्समध्ये पत्र आहे की नाही ते पाहिलं. होतं. मग पुन्हा पाहिलं.

सव्वाअकराला मी शेडपाशी गेले. तिघांची डोकी टेबलाखाली होती, मला दिसत होते ते त्यांचे तीन पार्श्वभाग. नदीच्या पुलावरून इंजिन मालाच्या पाच वाघिणी घेऊन खाली कोसळलं होतं आणि पडताना कुठलीतरी तार तोडून गेलं होतं. भिंतीवरचं घड्याळ दहा चाळीसवर उभं होतं.

"मर्व्हिन, निघायचं," मी म्हटलं.

त्यानं टेबलाखालून डोकं काढलं. नाकाला वंगण लागलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

"अजून वीस मिनिटं आहेत, नोल," तो म्हणाला. प्रेमानंच म्हणाला. "आलोच."

आणि पुन्हा खाली वाकला. डग म्हणाला, ती लाल तार धर.

बिस्किटांचा डबा माझ्या हाताशी होता. झाकण उघडून त्याचंच घड्याळ त्याच्या डोळ्यांसमोर धरलं असतं तर काम झालं असतं. दंडाला धरून उठवलं असतं तरी तो उठला असता, आला असता, वाटभर माफी मागत राहिला असता. पुढे शिर्लीनंही तेच विचारलं, दोन शब्द जास्त बोलायला काय झालं होतं तुला? काही झालं नव्हतं. मी झाकणावर हात ठेवून उभी राहिले आणि राग यायची वाट पाहिली. राग आला नाही. काहीच आलं नाही. मग मी गाडीची दुसरी किल्ली घेतली आणि निघाले.

रस्त्याचं काही आठवत नाही. दोन्हीकडे शेतं होती, ती नेहमीच असतात.

इस्पितळात एक तरुण नर्स होती. तिनं कागद भरता भरता विचारलं, सोबत कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही. तिनं पेन खाली ठेवलं. मग गुंगी देता येणार नाही, नियमच आहे, आणि पुढची तारीख चार महिन्यांनंतरची.

"गुंगीशिवाय करतात का?"

"करतात. पण त्रास होतो हो. घशात फवारा मारून तेवढा भाग बधिर करतात, बाकी तुम्ही पूर्ण जाग्या असता."

"चालेल," मी म्हटलं. "सवय आहे."

तिला तो विनोद वाटला. पुढे कॅमेरा आत गेला तेव्हा तिनं माझा हात धरला होता आणि सारखी सांगत होती, नाकानं श्वास घ्या, छान, अजून थोडंच. थोडं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते रडणं नव्हे, ते नळीमुळे येतं. डॉक्टरांनी आतले दोन-तीन कण तपासायला काढले आणि आठवड्यात कळवतो म्हणाले. तासाभरानं मी गाडी चालवत निघाले. त्या नर्सचं नाव विचारायचं राहून गेलं.

घरी पोचले तेव्हा साडेपाच झाले होते. मर्व्हिन स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. आंघोळ केलेली, भांग पाडलेला, लग्नकार्याचा पांढरा सदरा आणि टाय. समोर गाडीची किल्ली. गाडी मी नेली होती, तरी किल्ली समोर ठेवून तो बसला होता.

"मी अकराला आलो, नोल," तो म्हणाला. "तू नव्हतीस."

मग त्यानं सगळं सांगितलं. तार जुळली, घड्याळ सुरू केलं, अकराची मालगाडी सोडली, शिट्टी डगच्या गळ्यात अडकवली आणि तो बाहेर पडला. डब्यातून घड्याळ न घेताच. आंघोळ करून, सदरा घालून बाहेर आला तेव्हा कुठे स्वयंपाकघरातल्या घड्याळावर नजर गेली. दुपारचा सव्वा वाजत आला होता. त्यानं अकरा वेळा फोन लावला होता. माझा फोन इस्पितळाच्या कपाटात होता. डोळे लाल झाले होते त्याचे, खोटं कशाला सांगू.

"हाताला धरून ओढायचं होतंस गं मला."

"ओढायचं नव्हतं," मी म्हटलं. घसा सोलवटला होता, त्यामुळे तेवढंच बोलले. त्याला ते समजलं नाही. त्यानं सूप केलं, गाळून दिलं, गोळी कुटून मधात कालवून दिली. दुकानात कुणा गिऱ्हाइकासाठी केलं असतं तितकंच मन लावून. सूप कढत होतं. मी निवायची वाट पाहत बसले.

आठवड्यानं फोन आला. कॅन्सर नाही. अन्ननलिका एका जागी आक्रसली आहे, ती फुग्यानं ताणून रुंद करावी लागेल, आणि त्यासाठी मात्र गुंगी द्यावीच लागेल. म्हणजे माणूस हवं. तीन आठवड्यांनी, गुरुवारी. कागद पोस्टानं पाठवतो म्हणाले. मर्व्हिननं मला मिठी मारली आणि तसाच बराच वेळ उभा राहिला. माझ्या हातात ओली बशी होती. हायसं वाटायला हवं, हे मला कळत होतं. मी बशी पुसून फडताळात ठेवली.

त्या रविवारी दुपारी तो मला हात धरून शेडमध्ये घेऊन गेला. दिवे लावले आणि म्हणाला, बघ. कुठे बघायचं ते कळेना, तेव्हा त्यानं चिमट्याच्या टोकानं दाखवलं. फलाटावर, बाकाशेजारी, एक बाई उभी होती. नखाएवढी. निळा कोट, हातात तपकिरी बॅग.

"त्र्याऐंशीत तू बँकेच्या दारात उतरलीस ना, तेव्हा हाच कोट होता," तो म्हणाला. "चार बटणं. एक तुटलेलं."

खरं होतं. ते तुटलेलं बटण मी स्वतः विसरले होते.

"पण एकोणसत्तरमध्ये मी नव्हते, मर्व्हिन."

"माहीत आहे. मोडला नियम." तो लाजला. "कॉलिन दोन दिवस बोलत नाही माझ्याशी."

थट्टा म्हणून सांगत नाही. त्या टेबलावर यानं एका चिमणीच्या रंगापायी चार महिने घालवलेले मी पाहिले आहेत. त्याच्याकडे जे काही होतं त्यातलं सगळ्यात मोठं त्यानं मला देऊ केलं होतं. मी वाकून त्या बाईकडे पाहिलं. चेहरा काढलेला नव्हता. एवढ्याशा जागेत काढता येत नाही.

"ही कुणाची वाट बघतेय?"

"अकराच्या मालगाडीची. मागे एक डबा असायचा ना माणसांसाठी."

इस्पितळाचे कागद शनिवारीच आले होते. मी म्हटलं, परत जायचंय मला, तारीख पक्की झाली, गुरुवार आहे. त्यानं चिमटा ठेवला, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "या वेळी घड्याळ थांबवणार नाही, नोल. डगलाही सांगून ठेवतो. गाडी घसरू दे, पुलावरून पडू दे, काही होऊ दे. घड्याळ चालूच राहील. अकरा म्हणजे अकरा."

याहून मोठी शपथ त्याच्यापाशी नव्हती. मी थोडी थांबले. त्या गुरुवारी गाड्या नाहीच सोडल्या तर, हे त्याला आता सुचेल, मग सुचेल, म्हणून थांबले. तो माझ्याकडे बघून हसत होता. त्याचा चेहरा अगदी निर्मळ होता.

"बरं," मी म्हटलं.

घरात येऊन शिर्लीला फोन केला. तिनं लगेच विचारलं, कितीला येऊ? सव्वाअकराला, मी म्हटलं. "कुणाच्या घड्याळानं?" असं म्हणून ती हसली, आणि मी हसले नाही हे कळल्यावर थांबली. म्हणाली, अकरालाच येते.

मग कागद भरायला बसले. नाव, पत्ता, वय, कसली ॲलर्जी. शेवटच्या ओळीत घरी नेणाऱ्या व्यक्तीचं नाव होतं. तिथे शिर्लीचं लिहिलं. त्यापुढे नातं विचारलं होतं. शेजारीण असं लिहिलं. मग ते खोडलं आणि लिहिलं, घरचं माणूस.